शून्य आलं कुठून?

लिनक्स कर्नेलच्या सोर्समध्ये ‘डीबग’ नावाची एक डिरेक्टरी आहे. तिच्यातली ‘डीबग कोर’ ही फाइल उघडली की कोडच्या आधी कॉपीराइटच्या ओळी लागतात. व्हेरिटास सॉफ्टवेअर, २०००-२००१. टाइमसिस, २००२-२००४. त्याखाली अमित एस. काळे, २००३-२००४. आणखी दोन ओळी सोडल्या की लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड, २००४-२००६. ही लिनसिससॉफ्ट पुण्याची. आसपास पावेल माखेक, टॉम रिनी, इंगो मोलनार अशी नावं आहेत, विंड रिव्हर आणि रेड हॅट या कंपन्या आहेत. जगात ज्याच्या ज्याच्याकडे आज लिनक्सचा सोर्स आहे, त्याच्याकडे ही फाइल आणि ही नावं आहेत.

पुण्याच्या आयटीबद्दल मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. पगार, परदेशवाऱ्या, हिंजवडीचं ट्रॅफिक, जमिनींचे भाव, मुलांची लग्नं या सगळ्यावर लिहून झालं. इथल्या माणसांनी जगाच्या सामाईक कामात जी भर घातली तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. ती भर कर्नेलच्या पोटातली, म्हणून नजरेआड राहिली असेल. तिच्याबद्दल सांगायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

माझं घर भोर तालुक्यात, आंबवड्याला. नागेश्वराचं मंदिर, पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या यांसाठी लोक आमच्याकडे येतात. येताना एसटीने आलात तर कंडक्टरच्या हातात अँड्रॉइडचं तिकीट मशीन असतं. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स कर्नेल आहे. किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या फोनमध्ये बहुतेक वेळा तोच, घरातल्या वाय-फायच्या डब्यातही बरेचदा तोच. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी २०२४ मध्ये बसवलेल्या परम रुद्रसारख्या महासंगणकांवरही लिनक्सच चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर आहे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, मेमरीचा कुठला तुकडा कोणाला द्यायचा, डिस्कवर लिहायचं कधी, नेटवर्कवरून आलेलं पाकीट कोणाच्या हवाली करायचं, हे सगळं तो ठरवतो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या फिन्निश विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून अशी एक सिस्टिम लिहितो आहोत असं जाहीर केलं. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, परम ८००० हा महासंगणक तयार केला. आज लिनक्सच्या सोर्समध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीला दोन हजारांच्या आसपास माणसांचा हात लागतो.

एवढ्या कोडमध्ये चुका असणारच. साध्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर कर्नेल त्या प्रोग्रामला बंद करतो, काय झालं ते सांगतो आणि बाकीची कामं चालू ठेवतो. त्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याचे व्हेरिएबल्स पाहायचे तर डीबगर असतो, आणि डीबगरला लागणाऱ्या सगळ्या सोयी कर्नेलच पुरवतो. पण खुद्द कर्नेलच कोलमडला तर? कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क, सगळं त्याच्याच ताब्यात. पाहणारा आणि ज्याला पाहायचं तो, दोघं एकाच वेळी आडवे होतात. कर्नेलच्या बिघाडाची खरी अडचण ही आहे.

या अडचणीवरचा एक जुना उपाय म्हणजे दोन मशीन वापरायची. एकावर तपासायचा कर्नेल, दुसऱ्यावर जीडीबी हा नेहमीचा डीबगर, मध्ये सीरियल केबल. तपासायच्या कर्नेलमध्ये आधीच एक छोटा तुकडा घालून ठेवायचा, जो संकटाच्या वेळी केबलवरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देईल. या तुकड्याचं नाव केजीडीबी. मूळ काम डेव्हिड ग्रोथ आणि टायग्रान ऐवाझियन यांचं. २००० च्या सुमारास व्हेरिटासमध्ये असताना अमित काळे यांनी ते हाती घेतलं आणि पुढे लिनसिससॉफ्टमधून चालवलं.

हा तुकडा काम कसा करतो ते जरा जवळून पाहू. एखाद्या फंक्शनवर थांबायचं असेल, म्हणजे ब्रेकपॉइंट लावायचा असेल, तर इंटेलच्या प्रोसेसरवर त्या फंक्शनचा पहिला बाइट काढून तिथे २०४ ही किंमत लिहितात. हा एक बाइटचा आदेश आहे. प्रोसेसर तिथे पोचला की आपलं काम सोडून ठरलेल्या जागी उडी मारतो, आणि ती जागा केजीडीबीच्या ताब्यात असते. केजीडीबी आधी बाकीच्या सगळ्या प्रोसेसरना जागच्या जागी उभं करतो. मग सीरियल पोर्टवर कान लावतो. तिकडून जीडीबी पाकीट पाठवतो: डॉलरचं चिन्ह, ‘जी’ हे एक अक्षर, हॅशचं चिन्ह आणि ६७. ‘जी’चा अर्थ सगळे रजिस्टर सांग. ६७ ही पडताळणीची बेरीज. पाकिटात एकच अक्षर असल्याने त्या अक्षराची हेक्समधली, म्हणजे सोळाच्या मोजणीतली, किंमतच बेरीज म्हणून येते. पाकीट नीट पोचलं तर उलट अधिकचं चिन्ह जातं, आणि पाठोपाठ प्रत्येक रजिस्टरमधला आकडा.

वाचताना सोपं वाटतं. लिहायला का अवघड, तर हा तुकडा राहतो त्याच कर्नेलमध्ये जो बिघडलेला आहे. त्याला कुठलंही लॉक घेता येत नाही, कारण ते लॉक आत्ताच थांबवलेल्या एखाद्या प्रोसेसरने धरलेलं असू शकतं. इंटरप्ट, म्हणजे उपकरणांकडून येणाऱ्या हाका, बंद असतात, म्हणून सीरियल पोर्टचा नेहमीचा ड्रायव्हर कामाचा नाही. बाइट आला का, आला का, असं स्वतःच विचारत बसावं लागतं. ज्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला तेच फंक्शन केजीडीबीने वापरलं तर स्वतःच्याच सापळ्यात अडकायला होतं. आणि हे सगळं एका जातीच्या प्रोसेसरवर जमलं तरी दुसऱ्या जातीवर बरंच काही नव्याने करावं लागतं.

त्याहून मोठी अडचण अशी की हा तुकडा मूळ लिनक्समध्ये घेतला जात नव्हता. सप्टेंबर २००० मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपलं मत स्वच्छ सांगितलं होतं. कर्नेलमध्ये डीबगर त्यांना नको होता. डीबगर हाताशी असला की माणूस कोड समजून घेण्याआधी जिथे पडझड दिसते तिथे डागडुजी करून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. काम कठीण राहिलं तर विचार करणारी माणसंच टिकतील, हाही त्यातला भाग. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षं बाहेरचा पॅच, म्हणजे मूळ कोडवर वरून बसवायचा बदल, म्हणून जगला. बाहेरचा पॅच सांभाळणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळतं. मूळ कर्नेलची नवी आवृत्ती आली की खालची फाइल बदललेली असते, फंक्शनचं नाव बदललेलं असतं, कधी फाइलच नाहीशी झालेली असते. पॅच पुन्हा बसवायचा, पुन्हा तपासायचा, पुन्हा लोकांपुढे ठेवायचा. अँड्र्यू मॉर्टन यांच्यासारखे मोठे मेंटेनर स्वतःच्या चाचणीच्या शाखेत केजीडीबी ठेवत होते, म्हणजे गरज सगळ्यांना होती. तरीही दार बंदच.

मधल्या काळात केजीडीबीच्या दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या होत्या. अमित काळे यांची एक, जॉर्ज अँझिंगर यांची एक, पॉवरपीसीसाठी टॉम रिनी यांचं काम. २००४ च्या आसपास त्या एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. प्रत्येक प्रोसेसरला सामाईक असा गाभा वेगळा आणि प्रोसेसरनिहाय तुकडे वेगळे, अशी मांडणी घडत गेली. शेवटी २००८ मध्ये जेसन वेसल आणि इंगो मोलनार यांनी छाटून, घासूनपुसून केलेली आवृत्ती टोरवाल्ड्सनी स्वीकारली आणि १३ जुलै २००८ रोजी निघालेल्या २.६.२६ मध्ये केजीडीबी मूळ लिनक्सचा भाग झाला. तोवर अमित काळे दुसऱ्या कामात होते. नेटझेनच्या वेगवान नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर त्यांनी लिनक्समध्ये आणला होता. पण केजीडीबीच्या अधिकृत दस्तावेजात हातभार लावणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच राहिलं, आणि ते योग्यच झालं. सात-आठ वर्षं दाराबाहेर उभं राहून हत्यार धारदार ठेवणाऱ्यांमुळेच ते आत गेलं.

टोरवाल्ड्स यांचं म्हणणं सरसकट चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना ज्याची भीती होती ती गोष्ट रोज घडते. ती कशी, हे एका लहानशा उदाहरणावरून दाखवता येईल.

त्या उदाहरणासाठी आता दोन मशीन आणि केबल लागत नाहीत. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूएमयू हा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक उभा करतो, आणि त्याच्या पोटातल्या कर्नेलला जीडीबी थेट जोडता येतो. आंबवड्याच्या घरी, पावसाळ्यात वीज गेलेली असतानाही, बॅटरीवर हे सगळं चालतं. एकच पथ्य: कर्नेल सुरू होताना मेमरीतली आपली जागा दर वेळी बदलतो, सुरक्षेसाठी. ती सोय बंद केली नाही तर जीडीबीला फंक्शनं चुकीच्या जागी दिसतात आणि नवशिक्याचा दिवस वाया जातो.

शिकवण्यासाठी मी एक लहानसं मॉड्यूल ठेवलं आहे, मुद्दाम पडणारं. त्यात एक स्ट्रक्चर आहे. पहिले तीन घटक आठ-आठ बाइटांचे, मग चौथा. मॉड्यूल चालवलं की स्क्रीनवर कर्नेलचा आक्रोश उमटतो, ज्याला सगळे ‘ऊप्स’ म्हणतात. पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की नल पॉइंटर, म्हणजे शून्य पत्ता, वापरला गेला, आणि पुढे पत्ता: ओळीने शून्यं आणि शेवटी १८. नवखी मुलं इथेच घाबरतात. खरं तर इथेच अर्धं उत्तर असतं. पत्ता पूर्ण शून्य नाही, १८ आहे. हा आकडा हेक्समधला, म्हणजे आपल्या मोजणीत २४. तीन घटक गुणिले आठ बाइट, बरोबर २४. म्हणजे कोणी तरी चौथा घटक वाचायला गेलं, पण स्ट्रक्चरचा पत्ताच शून्य होता. कोड न उघडता एवढं कळलं.

पुढची ओळ फंक्शनचं नाव देते, आणि त्याला जोडून १४ भागिले ३० असं काहीतरी. हेही हेक्स. फंक्शनची लांबी ४८ बाइट, सुरुवातीपासून वीस बाइट पुढे प्रोसेसर पडला. कर्नेलच्याच ‘स्क्रिप्ट्स’ डिरेक्टरीत एक छोटी स्क्रिप्ट आहे, तिला हे दिलं की ती सोर्समधली नेमकी ओळ काढून देते. त्याखाली कॉल ट्रेस: या फंक्शनला कोणी बोलावलं, त्याला कोणी, त्याला कोणी.

आता ओळ सापडली. बहुतेक जण इथे थांबतात. त्या ओळीच्या वर एक अट टाकायची, पॉइंटर शून्य असेल तर परत फीर. ऊप्स बंद. पॅच तयार. टोरवाल्ड्स ज्याला घाबरत होते तो हाच पॅच. अनुभवी मेंटेनरकडे तो गेला की पहिला प्रश्न येतो, शून्य आलं कुठून? मेमरी मागितली आणि मिळाली नाही, पण तपासलं नाही? दुसऱ्या प्रोसेसरने तोच तुकडा मोकळा करून पॉइंटर पुसून टाकला? ड्रायव्हर पूर्ण उभा राहायच्या आधीच इंटरप्ट आला? कोसळण्याची जागा आणि चुकीची जागा यांच्यात कधी कधी हजारो ओळींचं अंतर असतं, आणि वेळेचंही. म्हणून माझं मत असं की टोरवाल्ड्स यांनी ओळखलेला रोग खरा होता, पण डीबगर दूर ठेवून तो बरा होणारा नव्हता. अट टाकून पळणारा माणूस डीबगर नसला तरी अट टाकूनच पळतो. आणि शून्याचा माग काढणाऱ्याला डीबगर मिळाला तर तो वेळेत पोचतो.

काही चुका मात्र डीबगरलाही दाद देत नाहीत. दोन प्रोसेसरच्या शर्यतीतून उपजलेला बग पाहायला थांबलं की शर्यतच संपते. साधी छपाईची ओळ टाकली तरी वेळेचं गणित बदलतं आणि बग दिसेनासा होतो. यासाठी हळूहळू वेगळी हत्यारं आली. २००६ मध्ये इंगो मोलनार यांचं लॉकडेप, जे लॉक घेण्याचा क्रम लक्षात ठेवून गुंता होण्याआधीच इशारा देतं. २०१५ मध्ये केसान, जे मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावला की ओरडतं. भारतात आयबीएममध्ये अंकिता गर्ग यांनी २००६ मध्ये लिहिलेलं एक मॉड्यूल तर कर्नेलला हवं तसं मुद्दाम पाडण्यासाठीच आहे, म्हणजे पडल्यावरची नोंद नीट निघते का ते तपासता येतं.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत मात्र साधी आहे. मागच्या आवृत्तीत चालत होतं, या आवृत्तीत बिघडलं, आणि मध्ये चौदा-पंधरा हजार बदल झाले. कुठल्या बदलाने बिघडलं? कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं की तो मधला बदल काढून देतो. तिथला कर्नेल बांधायचा, चालवायचा, चांगला की वाईट ते सांगायचं. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. गावाच्या नळ-पाणी योजनेची लाइन कुठे फुटली ते शोधताना पाणी सोडणारा माणूस मधला व्हॉल्व्ह बंद करून पाहतो, तेच हे. दर वेळी अर्धं गळतं, म्हणून पंधरा हजारांतून एक शोधायला चौदा फेऱ्या पुरतात. यासाठी कर्नेलचं खोल ज्ञान लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि एकेका फेरीनंतरचं उत्तर प्रामाणिकपणे नोंदवणं. एका फेरीत चुकीचं उत्तर दिलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया.

अशा शोधाची दखलही घेतली जाते. बिघाड कळवणाऱ्याचं नाव, चाचणी करणाऱ्याचं नाव, कुठल्या जुन्या बदलाची ही दुरुस्ती आहे त्याचा क्रमांक, हे सगळं दुरुस्तीच्या नोंदीत कायमचं राहतं. पॅच पाठवणाऱ्याला खाली सही करावी लागते की हे काम देण्याचा मला हक्क आहे. ही सहीची पद्धत २००४ पासूनची. कॉलेज कुठलं, मार्क किती, हे त्या नोंदीत कुठेच येत नाही.

पुण्याचा धागा केजीडीबीपाशी तुटला नाही. व्हर्च्युअल मशीनमधला पाहुणा कर्नेल आणि बाहेरचा यजमान यांच्यात संवादासाठी खोटी सीरियल वाहिनी लागते. लिनक्समधला तिचा ड्रायव्हर, व्हर्टआयओ कन्सोल, रेड हॅटच्या पुणे कार्यालयात असलेल्या अमित शहा यांनी अनेक पोर्ट्सचा करून वाढवला, २०१० च्या सुमारास, आणि पुढे मेंटेनर म्हणून सांभाळला. काळे यांच्या वेळची खरी तार आणि ही खोटी तार, दोन्हींवर काम झालं ते एकाच शहरात.

मग एक प्रश्न राहतो, तो मला टोचतो. पुण्यात लिनक्सवर पोट भरणारे इंजिनिअर मोजता येणार नाहीत इतके आहेत. गाड्यांचे डॅशबोर्ड, स्टोरेजचे बॉक्स, नेटवर्कची उपकरणं, सगळीकडे हाच कर्नेल. त्यांच्यातले बरेच जण कर्नेलमधले बग शोधतात, दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्ती कंपनीच्या खासगी शाखेत पडून राहते. पुढच्या आवृत्तीला तोच बग पुन्हा, तीच दुरुस्ती पुन्हा बसवायची. लिनक्सच्या जीपीएल परवान्याची सोर्स देण्याची अट कागदोपत्री पाळली जाते, पण दुरुस्ती मूळ ठिकाणी पोचवण्याचा वेळ कोणाच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये नसतो. हा नुसता नैतिक प्रश्न नाही, धंद्याचा तोटा आहे. बाहेर ठेवलेल्या पॅचची किंमत काय असते, ते केजीडीबीच्या आठ वर्षांत आपल्या शहराने पाहिलेलं आहे. व्यवस्थापकांनी एवढं तरी करावं, दुरुस्ती वर पाठवण्याचे दिवस कामाच्या तासांत धरावेत.

आणि भोर तालुक्यातल्या मुलांना, धांगवडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या, भोरच्या थोपटे महाविद्यालयात बीएस्सी करणाऱ्या, थेट सांगायचं आहे. चार-आठ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप पुरतो. क्यूएमयू फुकट, जीडीबी फुकट, कर्नेल फुकट. आपल्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर निवडून कर्नेल बांधायला शिका, तो मुद्दाम पाडा, ऊप्स ओळीओळीने वाचा. पहिला पॅच दस्तावेजातल्या चुकीचा असला तरी चालेल. उत्तर रोखठोक येईल, ते कोडला असतं, तुम्हाला नसतं. दुसरी आवृत्ती पाठवा.

आणखी एक काम तुमची वाट पाहतं आहे. कर्नेलसोबत येणाऱ्या दस्तावेजांची भाषांतरं चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत आहेत, त्याच सोर्समध्ये, शेजारी शेजारी. मराठीत एकही पान नाही. पॅच कसा पाठवावा हे सांगणारं पान कोणीतरी आधी घ्यावं. इंग्रजी बरं आणि मराठी चांगलं असलेल्या दोघा-तिघांनी मनावर घेतलं तर सुरुवात व्हायला वेळ लागणार नाही.